नवरदेवाचं घड्याळ

नागोमामाच्या मनगटावर मी कधी घड्याळ पाहिलं नव्हतं, आणि तरी घाटंजीत सगळे त्याला घड्याळवाले नागोराव म्हणत. एखादा नवखा माणूस नाव ऐकून यायचा, बंद पडलेलं घड्याळ पुढे करायचा आणि मामा म्हणायचा, "मले दुरुस्तीतलं काही समजत नाही बाप्पा. मी जिनात रुईच्या गाठी उचलतो." मग त्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होई.

घड्याळ मात्र खरंच होतं. बिस्किटाच्या जुन्या डब्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेलं. रोज सकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा व्हायच्या आधी मामा ते काढायचा, चावी द्यायचा, कानाला लावून ऐकायचा आणि परत ठेवायचा. हाताला बांधायचा नाही. ते नवरदेवाचं घड्याळ होतं. आमच्या वस्तीत ज्याचं लग्न असेल त्याच्या हातात त्या दिवसापुरतं जायचं आणि संध्याकाळी डब्यात परत यायचं.

मामा म्हणजे माझ्या मायचा, रुखमाबाईचा, धाकटा भाऊ. लग्न केलेलं नाही. राहायला शेजारच्या खोलीत, जेवायला आमच्याकडे. इतका मुका की वरणात मीठ नसलं तरी सांगायचा नाही. मुकाट खाऊन उठायचा. माय स्वतः जेवायला बसली की तिला कळायचं आणि मग ती करवादायची, "तोंड कायले देल्लं रे तुले देवानं?" देव सोडल्यावरही मायच्या तोंडातून देव काही गेला नाही. मला मामाच्या या मुकेपणाचा फार राग यायचा. त्याचं अर्धं आयुष्य त्यापायी वाया गेलं होतं.

झालं होतं असं. मामा विशीत असताना त्याचं लग्न केळापूरजवळच्या एका गावी ठरलं. मुलीचं नाव तानाबाई. वऱ्हाड बैलगाड्यांनी गेलं, मांडवात जाऊन बसलं. त्या गावात आमच्या लोकांच्या लग्नाची वेळ जोशी सांगायचा, पण वस्तीत पाऊल टाकायचा नाही. नाल्यापलीकडे देवळाच्या पारावर बसायचा आणि मुहूर्त आला की पंचा हलवायचा. आमचा एक माणूस अलीकडच्या काठावर उभा राहून तो पंचा दिसतो का बघायचा. दिसला की त्याने ओरडायचं आणि मग लग्न लागायचं. त्या दिवशी गावात मोठ्या घरीही लग्न होतं. जोशीबुवा तिकडे गेले, पंगतीला बसले आणि आमचा पंचा विसरले. मे महिन्याचं ऊन. मुहूर्ताआधी कोणी घास घ्यायचा नाही. दुपार कलल्यावर माझा आजा, म्हणजे मामाचा बाप, स्वतः नाल्याकाठी जाऊन उभा राहिला. तिथेच चक्कर येऊन पडला. मांडवात उचलून आणेपर्यंत त्याच्यात काही उरलं नव्हतं.

मग मामाचा चुलता म्हणाला, पोरगी पांढऱ्या पायाची आहे, चला. गाड्या जुंपल्या. हळद लागलेली पोर पाटावर बसून होती. माय सांगायची की ती रडली नाही, नुसती मामाकडे बघत राहिली. तो काही बोलेल म्हणून. मामा बोलला नाही. गाडीत बापाचं प्रेत होतं, हे मलाही कळतं. पण एक वाक्य तर लागत होतं! पुढे तानाबाईला एका बिजवराला दिली असं कानावर आलं, आणि मामाने त्यानंतर घरात स्वतःच्या लग्नाचा विषय काढू दिला नाही.

छप्पन साली मामा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. वस्तीतले बरेच जण गेले होते. परत आल्यावर बैठक बसली आणि ठरलं की यापुढे जोशी नाही, मुहूर्त नाही. सगळ्यांनी माना हलवल्या खऱ्या, पण म्हाताऱ्या बाया जागच्या हलेनात. आमची मायच बोलली, "मंग वेळ कोन सांगन? बिना वेळेचं लगन लावाचं का?"

कधी नाही तो मामा बोलला. "नवरदेव सांगंल."

"कसा सांगंल?"

"हातातलं घड्याळ पाहून."

लोक हसले. आख्ख्या वस्तीत कोणाच्या हातात घड्याळ होतं? मामा हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर जाऊन वर्गणी मागू लागला. ज्याला ताटावर बसून मीठ मागता येत नव्हतं तो माणूस दारात उभा राहून पैसे मागत होता, त्या आश्चर्यानेच लोकांनी दिले असावेत.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं होतं, नवरा वस्तीतलाच, म्हणून पहिला मान त्याचा. मी सातवी पास, मला घड्याळ वाचता यायचं. म्हणून मामा मला यवतमाळला सोबत घेऊन गेला. बाजारातल्या त्या छोट्या दुकानात पांढऱ्या दाढीचे एक चाचा डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"कोणाच्या हातासाठी पाहिजे, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"अजून मालूम नाही," मामा म्हणाला.

चाचांनी भिंग काढून ठेवलं. "मतलब?"

मग मामाने अडखळत अडखळत सगळं सांगितलं. एक घड्याळ, पुष्कळ नवरदेव. ऐकता ऐकता चाचांनी आपलं स्टूल पुढे ओढलं. आमची पुंजी शंभराच्या आतली होती आणि ती झाकून ठेवायची अक्कल मामाला नव्हती. त्याने फडकं सोडून सरळ त्यांच्यापुढे ठेवलं. चाचांनी त्याला हात लावला नाही. आधी घड्याळं काढली.

पहिलं निघालं ते सोनेरी. मी लगेच त्याच्यावर बोट ठेवलं. एवढं झगझगीत काही माझ्या नवऱ्याच्या हातात असावं, यात माझं काय चुकलं? मामाने विचारलं, "हे सोनं घामानं उतरते का?"

"मुलामा आहे भाऊ. रोज घाम लागला तर उतरणारच."

"मंग पुढच्या नवरदेवायले उतरलेलं बांधू काय?" मामाने ते बाजूला सारलं.

दुसरं पातळ, नाजूक, पांढऱ्या तबकडीचं. त्यावर आकडेच नव्हते, नुसत्या रेघा. चाचा म्हणाले, सध्या हीच फॅशन आहे. मामा म्हणाला, "नवरदेव आधीच भेदरलेला रायते. तो काय रेघा मोजत बसंल? आकडे पाह्यजे. पुरे बारा."

तिसरं एका वकीलसाहेबांनी मोडीत दिलेलं होतं. जुनं, पण यंत्र अव्वल आणि किंमत कमी. चाचांनी ते मनापासून दाखवलं, फसवायला नाही. मामाने हातात घेऊन पाहिलं आणि हळूच परत ठेवलं. "चांगलं हाय. पन जुनं नको. लय वर्सं दुसऱ्यायचं जुनं वापरलं आमी."

आता मलाही कंटाळा आला होता. म्हटलं, मामा, टेबलावरचं गजराचं घे ना, स्वस्त पडेल, सगळ्यांना दिसेल. तर मामा माझ्यावर डाफरला. "ते घराचं असते. हातातलं मानसाचं असते."

मग त्याने एक असा प्रश्न विचारला की चाचा दाढी खाजवत राहिले. "आत हळद जाईल का?"

हळद आम्ही सोडली नव्हती. नवरदेवाचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. चाचा उठले, आतल्या कपाटातून एक घड्याळ घेऊन आले आणि उलटं करून दाखवलं. पाठ आट्यांची, घट्ट फिरवून बसवलेली. "यात पाणी जात नाही, तर हळद कशी जाईल?" स्टीलचं, स्विस, सतरा ज्वेलचं. तबकडीवर बारा आकडे, ठळक. सेकंदाचा काटा लांब. तो फिरताना पाहून मामाचा चेहरा सैल झाला. म्हणाला, "हा काटा बरा हाय. नवरदेवाले दिसन का ते चालू हाय."

पट्ट्यावर अर्धा तास गेला. साखळीचा पट्टा एकालाच बसतो, म्हणून कातड्याचा. लांब, आणि भोकं भरपूर. मामा म्हणाला, बारक्या हातालाही आला पाहिजे आणि हमालाच्या हातालाही. चाचा म्हणाले, "मग तुमच्याच मनगटावर घालून बघा ना. गाठी उचलणारा हात, याहून जाड कोणाचा असणार?" आणि त्यांनी पट्टा पुढे केला. मामाने हात झटकन मागे घेतला, जणू कोणी त्यावर निखाराच ठेवला. "माह्या हाताचं काम नाही."

चाचांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घड्याळ डबीत घातलं. किंमत त्यांनी फडक्यातल्या पैशांएवढीच सांगितली. ती तेवढीच होती की त्यांनी तेवढी केली, मला माहीत नाही.

माझ्या लग्नात आमचे हे त्या घड्याळाकडे इतके टक लावून बघत होते की माझ्याकडे बघायचं राहूनच गेलं. मग एकदम ओरडले, "अकरा वाजले!" त्रिसरण झालं, पंचशील झालं, फुलं पडली आणि सगळे वेळेवर जेवले. मामा पंगतीत वाढत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराने, म्हणाला. चूल मांडवापासून चांगली लांब होती.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. नवरदेवाच्या घरच्या वडीलधाऱ्याने येऊन घड्याळ मागायचं, मामाने स्वतः नेऊन बांधायचं आणि वेळ नवरदेवाने आपल्या तोंडाने सांगायची. बारीक पोरांना आतलं भोक लागायचं, धट्ट्याकट्ट्यांना बाहेरचं. प्रत्येक लग्नानंतर पट्ट्याला हळद लागलेली असायची आणि मामा ओलं फडकं घेऊन ती पुसत बसायचा, भोकाभोकातून, कुरकुर करत. पुढच्याला कोरं मिळालं पाहिजे, असा त्याचा हट्ट. आसपासच्या गावांतूनही लोक मागायला येऊ लागले. मामा कोणाला नाही म्हणाला नाही.

चौसष्टच्या उन्हाळ्यात एका दुपारी एसटीतून उतरून एक बाई आमच्या दारात आली. उंच, सावळी, उन्हाने रापलेली. माय तूर पाखडत होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"लेकाचं लगन हाय," ती बाई म्हणाली. "गोविंदाचं. पांढरकवड्याले दवाखान्यात शिपाई हाय तो. त्याचा बाप नाही, म्हनून मी आली. तो गेल्यापासून माहेरीच रायते मी. घड्याळ पाह्यजे."

मामा जिनातून आला तेव्हा त्याच्या केसांत कापूस होता. दारातच थांबला. तानाबाई त्याच्याकडे बघत होती आणि मी मनात म्हणत होते, बोल, आता तरी बोल.

"वेळेवर चालते ना?" तिनेच विचारलं.

"चालते."

"मंग बरं."

एवढंच. पाणी प्याली आणि संध्याकाळच्या एसटीने गेली. ती गेल्यावर मामा मला म्हणाला, "कौसू, तू घेऊन जाय ते घड्याळ. मी नाही जात त्या गावाले."

माझं डोकंच फिरलं. "जनमभर तोंड बंद ठेवलं, आता पायबी बंद ठेवतं का?" मी इतकं ओरडले की शेजारची बाई पाहायला आली. मामा आला. माझ्या तोंडाला घाबरून आला असेल, पण आला.

तो नाला तसाच होता. पलीकडे देवळाचा पार होता, त्यावर कोणी नव्हतं. मामाने गोविंदाच्या हाताला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. गोविंदा चांगला हसरा पोरगा. म्हणाला, "काकाजी, घट्ट झालं का सैल झालं, मले काहीच समजून नाही राह्यलं." मामाने त्याचा हात क्षणभर तसाच धरून ठेवला. वेळ झाली, गोविंदा ओरडला, लग्न लागलं. तानाबाई पंगत बघत होती. मामा दोनदा तिच्या दिशेने गेला आणि दोनदा परत फिरला. मग दिसेनाच. शोधलं तर नाल्याकाठी उभा. "चाल, एसटीची वेळ झाली," म्हणाला. जेवलाही नाही.

पांढरकवडा आलं तेव्हा त्याने खिशाला हात लावला आणि त्याचा रंग उडाला. घड्याळ गोविंदाच्याच हातात राहिलं होतं. इतक्या लग्नांत जे कधी झालं नव्हतं ते झालं होतं.

वस्तीत पुढचं लग्न तोंडावर आलं होतं. मामाने जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर निरोप धाडला की घड्याळ पाठवा. उलट गोविंदाचा निरोप आला. माय म्हणते, घड्याळ आमच्याकडे आहे, मी रोज चावी देते. पण जो सोडून गेला त्यानेच न्यायला यावं.

त्या रात्री जेवताना मामाने एक घास घेतला आणि म्हणाला, "अक्का, वरनात मीठ नाही." मायच्या हातातली पळी पडली. मला हसूही आलं आणि रडूही.

रविवारी जिन बंद. आम्ही दोघं गेलो. तानाबाई अंगणात डाळ निवडत बसली होती. उठली नाही. गोविंदा दारात चहाची बशी घेऊन उभा होता. मामा तिच्यासमोर जमिनीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्या दिवशी मी बोललो नाही," तो म्हणाला. "तुमचा काही दोष नव्हता. मले मालूम होतं. मले बोलाले पाह्यजे होतं, अन् मी बोललो नाही."

तानाबाईची बोटं डाळीतून फिरत राहिली. "गाडी नाल्यापार जाईपर्यंत मी वाट पाह्यली," ती म्हणाली. "मंग मी पाहनं सोडून देल्लं. बाप मेल्याचं दुख होतं तुमाले, ते मले तवाच समजलं. पन राग काही गेला नाही माहा. आता गेला, आता." तिने कमरेच्या पिशवीतून घड्याळ काढलं. ते चालू होतं. "हे तुमी कधी बांधलं?"

"नाही. ते नवरदेवाचं हाय."

"कोनाचं हाय ते मले मालूम हाय," तानाबाई म्हणाली. "मंग बांधा."

गोविंदाला चहाचा ठसका लागला. मामाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कानापर्यंत लाल झाला. पन्नाशीला टेकलेला माणूस! "लोक काय म्हनतील?" तो पुटपुटला.

"लोकायनं त्या दिवशी म्हनलं ते पुरे झालं. माह्या लेकाले इचारा."

गोविंदा बशी खाली ठेवून म्हणाला, "माय मले सकाळीच सांगून मोकळी झाली, काकाजी. माह्या घरात आता सून आली, सासरा पाह्यजेच होता." आणि मोठ्याने हसला. मी तर तिथेच तानाबाईच्या गळ्यात पडले. तिच्या अंगाला ताज्या डाळीचा वास येत होता.

"पन वेळ मी सांगन," तानाबाई म्हणाली. "सकाळचे आठ. उन्हाच्या आत. अन् आधी सगळ्यायची न्याहारी झाली पाह्यजे."

वस्तीत थट्टा झाली ती झालीच. जिनातल्या लोकांनी मामाला रुईच्या गाठीवर बसवून वरात काढली. लग्न तानाबाईच्याच अंगणात ठरलं, तिथेच, जिथे तो मांडव होता. सकाळी मायने भावाचे हात कोपरापर्यंत हळदीने माखले आणि मी डबा उघडला. घड्याळ त्याच्या मनगटावर ठेवलं, पट्टा ओढला, तर सगळ्यात बाहेरचं भोकही पुरेना! सगळ्या वस्तीच्या मनगटांचा विचार केला होता या माणसाने, फक्त स्वतःच्या नाही. शेवटी मी शेजारून दाभण मागून आणलं आणि पट्ट्याच्या पार टोकाशी नवं भोक पाडलं. मामा हात पुढे करून शहाण्या पोरासारखा उभा होता.

लोक न्याहारी करून मांडवात बसले. तानाबाई पांढरं लुगडं नेसून पाटावर बसली. मामा घड्याळाकडे बघत होता. काटा आठवर आला. मामा बोलला नाही. काटा आठच्या पुढे सरकला. मांडवात कुजबुज सुरू झाली. मामाचे ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता. मायने डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, संपलं, हा पुन्हा तसाच उभा राहणार.

तानाबाई त्याच्याकडेच बघत होती. अगदी शांतपणे म्हणाली, "सांगा बरं. मी बसली हाय. गाड्या जुंपल्या नाहीत कोनी."

मामाने मान वर केली. त्याच्या गालांवरून पाणी हळदीत उतरत होतं. साऱ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "आठ वाजून गेले, तानाबाई. लय उशीर केला मी."

"केला," ती म्हणाली. "पन आले."

आणि फुलं पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाच्या खोलीवर गेले तेव्हा मामा घड्याळ काढून, ओलं फडकं घेऊन पट्टा पुसत बसला होता. तानाबाई म्हणाली, राहू द्या ना हातात, आता तुमचंच आहे. मामा म्हणाला, "असं कसं? पुढच्या रविवारी दुसऱ्याचं लगन हाय." त्याने एकेक भोक निरखून पुसलं आणि फडकं दोरीवर वाळत घातलं. मी घड्याळ डब्यात ठेवायला घेतलं तेव्हा पट्टा लखलखीत होता. टोकाशी मी पाडलेलं भोक तेवढं पिवळं होतं. ते त्याने पुसलं नव्हतं.